गावाशेजारी दगडखाण चालवताना: पहिल्या सुरुंगाआधी आणि नंतर

सोलापूर जिल्ह्यात खाण म्हणजे बहुतेक करून काळ्या दगडाचीच. सुरुंग लावून डबर (मोठे दगड) काढायचा, क्रशर म्हणजे दगड फोडायच्या यंत्रावर खडी आणि कच (बारीक चुरा) करायचा, हायवात (मोठ्या डंपरमध्ये) भरून रस्त्याच्या किंवा बांधकामाच्या साइटवर पाठवायचा. खाणीपासून जवळची वस्ती बऱ्याचदा पाच-सातशे मीटरवर असते. वर्ष-दोन वर्षांत तक्रारी सुरू होतात: भिंतीला तडा गेला, विहिरीचं पाणी खाली गेलं, डाळिंबाच्या फुलावर धूळ बसली. यातल्या काही तक्रारी पूर्ण खऱ्या असतात, काहींचं कारण वेगळंच असतं. कोणती कुठली हे ठरवायला खाण सुरू होण्याआधीची नोंद लागते आणि नेमकी तीच कुणाकडे नसते. मग आवाज ज्याचा मोठा त्याचं खरं ठरतं.

दोन ते पाच हेक्टरची खाण आणि तिच्यावर एक क्रशर चालवणारे मालक, व्यवस्थापक आणि पर्यवेक्षक यांच्यासाठी ही माहिती आहे. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनीही ती हाताशी ठेवावी. खाणवाल्याकडे काय मागायचं हे त्यातून कळेल.

आधी मोजा, मग फोडा

नकाशावर खाणीच्या हद्दीपासून ५०० मीटरची रेघ मारा आणि आतल्या प्रत्येक घराची, गोठ्याची, मंदिराची, शाळेची, पाण्याच्या टाकीची पाहणी करा. हे काम खाणीच्या माणसाने एकट्याने करू नये. बरोबर ग्रामपंचायतीचा एक जण आणि घरातला एक जण हवाच. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती आणि छत यांचे फोटो घ्या. तडा दिसला की शेजारी मोजपट्टी धरून जवळून आणखी एक फोटो काढा आणि तड्याची रुंदी, लांबी, जागा कागदावरच्या आकृतीत मांडा. दोन प्रती करा, दोन्हीवर सह्या घ्या, एक घरमालकाच्या हातात द्या. ती प्रत त्याच्याकडे राहणं हेच या सगळ्याचं मर्म आहे. फाइल फक्त खाणीच्या कपाटात असेल तर दोन वर्षांनी तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

जे तडे आधीच आहेत, त्यांच्यावर खूण बसवा. भिंत ब्रशने झाडून, ओली करून तड्यावर आडवी पट्टी लावायची: प्लास्टर ऑफ पॅरिसची, साधारण १० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद, ५ मिलिमीटर जाड. ओली असतानाच खिळ्याने तारीख कोरा. तडा हलला तर ही पट्टी कडक असल्यामुळे केसाएवढी का होईना, चिरते. चुन्याच्या किंवा रंगाच्या थरावर लावलेली पट्टी थरासकट निघून येते, म्हणून खालची वीट किंवा दगड उघडा करून मगच लावा.

पाहणी मे महिन्यात एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा अशी दोनदा करायची. काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते आणि पावसात फुगते. उथळ पायाची घरं तिच्याबरोबर खालीवर होतात, तडे मेमध्ये उघडतात आणि पावसाळ्यानंतर मिटतात. एकदाच पाहणी केली तर एकतर मातीचे तडे सुरुंगावर जातील, नाहीतर खाणवाला सुरुंगाचे तडे मातीवर ढकलेल. मुरमावर बांधलेल्या घरात असं हंगामी हलणं फारसं नसतं. तिथे नवा तडा दिसला तर तो गांभीर्यानेच घ्या.

विहिरींचं तसंच. ५०० मीटरच्या आतल्या सगळ्या आणि शिवाय त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाच्या विहिरी, बोअर यादीत घ्या. बेसाल्टमध्ये पाणी दगडाच्या सांध्यांतून आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यातून चालतं. त्यामुळे २०० मीटरवरच्या विहिरीला काही होत नाही आणि एकाच भेगेवर असलेली ८०० मीटरवरची विहीर खाली जाते, असंही घडतं. नुसत्या अंतरावरून निवाडा करू नका. विहिरीच्या काठावर रंगाने कायमची खूण करा आणि तिथून वजन बांधलेला टेप सोडून पाण्यापर्यंतची खोली मोजा. महिन्यातून एकदा, पहाटे मोटार सुरू होण्याआधी. आदल्या दिवशी मोटार किती तास चालली, जवळ नवी बोअर पडली का, हेही त्याच ओळीत लिहा. जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. पावसाची नोंद शेजारी नसेल तर विहिरीच्या आकड्याला अर्थ नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची निरीक्षण विहीर जवळ असेल तर तिचे आकडे मागवून आपल्या आकड्यांशेजारी ठेवा.

खाणीतून पाणी उपसायची वेळ आली तर पंपाचे तास आणि दर तासाचं पाणी रोज लिहा. शक्यतो खाणीचा तळ पावसाळ्यानंतरच्या पाणीपातळीच्या वरच ठेवा. तिच्याखाली गेलात की आसपासच्या विहिरींचं पाणी तुमच्या खड्ड्याकडे वळायला लागतं.

गावाला सांगताना

ज्या प्रकल्पाला पर्यावरण परवानगीसाठी जनसुनावणी लागते, तिची किमान ३० दिवसांची नोटीस वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि प्रकल्पाचा सारांश मराठीत उपलब्ध करावा लागतो. सुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी असतात. लहान खाणींना ती बऱ्याचदा लागत नाही. लागत नसली तरी ग्रामसभेत जा. सरपंच, पोलीस पाटील आणि चार पुढाऱ्यांबरोबर चहा घेतला म्हणजे गावाशी बोलणं झालं, या समजुतीतून पुढची निम्मी भांडणं निघतात.

ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा होते, तिथेही जा. पाणी भरणं, वाळत घातलेले कपडे, धुळीने खोकणारं पोर, शाळेच्या वाटेवरचे डंपर हे विषय तिथे निघतात. मोठ्या सभेत ते दबून जातात. आणखी एक गट हमखास सुटतो: मेंढपाळ. माळावरून त्यांची जुनी वाट असते, सातबाऱ्यावर ती कुठेच दिसत नाही. कुंपण घालण्याआधी त्यांना विचारून वाट नकाशावर आणा, नाहीतर पहिल्या आठवड्यात तार तुटेल. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या बऱ्याच गावांत घरात कन्नड बोलतात. तिथे माहितीचा फलक दोन्ही भाषांत लावा आणि बोलायला कन्नड येणारा माणूस न्या.

सांगायचे आकडे स्पष्ट हवेत. दिवसाला ४०० टन खडी आणि एका गाडीत २० टन, म्हणजे २० खेपा. पण रस्त्याकडेच्या घराला गाडी येताना आणि जाताना अशी ४० वेळा दिसते. ग्रामसभेत २० सांगाल आणि लोक ४० मोजतील, तर तुम्ही खोटं बोललात असंच ते धरतील. ४० च सांगा. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास गाड्या बंद ठेवा. आषाढीच्या आधी माळशिरस-पंढरपूरकडे पालखीमार्गावर आणि जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत गाड्यांचं वेळापत्रक आधीच बदलून घ्या.

ग्रामपंचायतीत तक्रारवही ठेवा. पानांवर छापील क्रमांक, खाली कार्बन, एक प्रत तक्रार देणाऱ्याला. २४ तासांत कुणीतरी जागेवर जाऊन पाहायचं आणि सात दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. उत्तर "नाही" असलं तरी कारणासकट द्यायचं. वही खाणीच्या गेटवर ठेवली तर कुणी येत नाही, रखवालदारासमोर कुणाला लिहायचं असतं!

सुरुंग

गावाला त्रास देणाऱ्या गोष्टी तीन आहेत: जमिनीतला हादरा, हवेतला दणका आणि उडणारा दगड. कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे.

हादरा एकूण किती बारूद उडवली यापेक्षा एका क्षणी किती उडाली यावर जास्त अवलंबून असतो. अंदाजासाठी अंतराला एका डिलेवरच्या, म्हणजे एकाच क्षणी उडणाऱ्या बारुदीच्या किलोंच्या वर्गमूळाने भागा. ११५ मिलिमीटरच्या, सहा मीटर खोल भोकात साधारण ३० किलो भरलं आणि घर ३०० मीटरवर असलं, तर आकडा येतो ५५. तीच तीन भोकं एकाच डिलेवर लावली की ९० किलो एकदम उडतात आणि आकडा ३२ वर येतो. हा आकडा जितका लहान तितका हादरा मोठा. वरच्या उदाहरणात हादरा दुपटीवरही जाऊ शकतो. म्हणून वस्तीच्या बाजूच्या पायरीवर (खाणीच्या कड्याच्या टप्प्यावर) एका डिलेला एकच भोक. डिलेचे डिटोनेटर महाग पडतात म्हणून ठेकेदार तीन-चार भोकं एकत्र बांधतो. करारातच हे बंद करा.

खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या निकषांप्रमाणे खाणमालकाच्या मालकीची नसलेली साधी घरं असतील, तर हादऱ्याची मर्यादा वारंवारता ८ हर्ट्झच्या खाली असताना सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ च्या दरम्यान १० आणि २५ च्या वर १५ आहे. जुनं देऊळ, वाडा अशा नाजूक बांधकामांसाठी हेच आकडे २, ५ आणि १० असे खाली येतात. मोजणी सिस्मोग्राफने, म्हणजे हादरा मोजायच्या यंत्राने करायची. त्याचा जिओफोन (हादरा टिपणारा भाग) घराच्या फरशीवर ठेवू नका, तो पायाशेजारी जमिनीत घट्ट बसवा. सैल ठेवलेला जिओफोन भलतेच आकडे दाखवतो. पहिले आठ-दहा स्फोट वेगवेगळ्या अंतरांवर मोजलेत की तुमच्या दगडाचा स्वभाव कळतो आणि पुढचं गणित नेमकं होतं. आकडा त्याच दिवशी तक्रारवहीशेजारच्या फलकावर लिहा.

खिडक्या खडखडतात त्या बऱ्याचदा हवेतल्या दणक्याने. सकाळी लवकर किंवा आभाळ भरलेलं असताना थंड हवेचा थर खाली आणि उबदार हवेचा वर बसलेला असतो, आवाज वरच्या थरावरून परतून लांबवर जातो. दुपारी ऊन तापल्यावर तोच स्फोट गावात निम्मासुद्धा जाणवत नाही. म्हणून वेळ एकच ठरवा, दुपारी १ ते २, आणि ती मोडू नका. जमिनीवर उघडी पडलेली डिटोनेटिंग कॉर्डही (स्फोट पुढे नेणारी दोरी) दणका वाढवते, ती मातीने झाका.

उडणारा दगड जीव घेतो. त्याची मुख्य कारणं दोन: भोकाच्या तोंडाचा भराव कमी पडणं आणि समोरच्या कड्यावर दगड पातळ किंवा भेगाळलेला असणं. भराव भोकाच्या व्यासाच्या २० ते २५ पट धरा, म्हणजे ११५ मिलिमीटरच्या भोकाला सव्वादोन ते तीन मीटर. ड्रिलची भुकटी भरली तर ती पिचकारीसारखी बाहेर फेकली जाते. ८ ते १० मिलिमीटरची टोकदार खडी भरली तर ती एकमेकांत अडकून बसते. भोक भरण्याआधी कड्याची समोरून पाहणी करा, जिथे दगड पोकळ वाटतो तिथे बारूद कमी करा.

स्फोटाआधी ५०० मीटरच्या परिघातल्या प्रत्येक पाऊलवाटेवर लाल झेंडा घेऊन माणूस उभा हवा. पहिला सायरन अर्धा तास आधी, दुसरा पाच मिनिटं आधी, तिसरा ब्लास्टरने सगळी भोकं उडाल्याची खात्री केल्यावरच. शेतात एकटी खुरपणारी बाई किंवा बांधावर झोपलेला म्हातारा सायरनने उठेलच असं नाही, त्यांच्यापर्यंत माणूस जायलाच हवा.

धूळ

बेसाल्टमध्ये मोकळी सिलिका कमी असते, म्हणून वाळूच्या दगडाच्या खाणींइतका सिलिकोसिसचा, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराचा धोका इथे नाही. पण बारीक धूळ फुफ्फुसात जायची ती जातेच, आणि "आपल्या दगडाने काही होत नाही" या समजुतीने मास्क खिशातच राहतो. कामाला घेताना आणि पुढे ठरावीक मुदतीने प्रत्येकाचा छातीचा एक्स-रे, श्वासाची चाचणी आणि ऐकण्याची तपासणी करा, अहवाल त्याच्या हातात द्या.

क्रशरला नियम असा की ४० मीटर अंतरावर क्रशरमुळे वाढलेली तरंगती धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असावी. गावातल्या हवेसाठी पीएम १० ची (बारीक धूलिकणांची) २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. धूळ उठते ती हॉपरमध्ये (क्रशरच्या भरणपेटीत) गाडी ओतताना, जॉच्या (दगड चिरडणाऱ्या जबड्याच्या) तोंडाशी, जाळीवर आणि पट्टा जिथे माल टाकतो तिथे. जाळी आणि पट्ट्याचे सांधे पत्र्याने बंद करा, माल पडतो तिथे खाली-वर सरकणारी नळी लावा म्हणजे ढीग आणि पट्टा यांत उंची राहत नाही. वाऱ्याच्या बाजूला आडभिंत घाला.

पाण्याचं गणित: टनाला साधारण १० लिटर फवारा म्हणजे एक टक्का ओलावा, ४०० टनांना ४,००० लिटर. याहून जास्त मारलं की कचाचा चिखल होतो, बारीक जाळी बुजते आणि ऑपरेटर वैतागून फवारा बंदच करतो. मग तपासणीच्या दिवशीच तो सुरू होतो. इकडच्या बोअरचं पाणी जड, नोझल महिन्यात क्षाराने बंद पडतात. पंपानंतर गाळणी बसवा, दर आठवड्याला नोझल काढून सौम्य आम्लात धुवा, सुट्या नोझलचा एक संच जवळ ठेवा.

रस्त्यावरची धूळ क्रशरपेक्षा जास्त त्रास देते. एक किलोमीटर लांब, सहा मीटर रुंद रस्त्यावर चौरस मीटरला एक लिटर पाणी म्हटलं तर एका फेरीला ६,००० लिटर लागतात आणि मे महिन्यात ते तासाभरात उडून जातात. दिवसाला आठ फेऱ्या मारणार असाल तर ४८,००० लिटर. टँकरसाठी गावाची विहीर वापरू नका, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. खाणीच्या खड्ड्यात साठलेलं पावसाचं पाणी त्यासाठी राखून ठेवा. खरा उपाय वेगळाच आहे: वस्तीजवळचा रस्ता डांबरी करा, गाडीचा वेग ताशी २० किलोमीटरवर बांधा, माल ताडपत्रीने झाका आणि गेटवर चाकं धुवायचा हौद करा. डांबराचा खर्च एकदाच येतो, टँकरचा रोज.

शेजारी डाळिंब असेल तर शेतकऱ्याने कोणता बहार धरला ते विचारा. आंबे बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाची जून-जुलैत, हस्ताची सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्या आठवड्यांत त्या बाजूच्या रस्त्याची वाहतूक कमी करा. ज्वारीच्या कडब्यावर धूळ बसली की जनावरं तो नीट खात नाहीत, तेव्हा गंजीची जागा रस्त्यापासून हलवायला मदत करा.

कामावर कोण

दगडाचं काम या भागात वडार समाजाने पिढ्यान्पिढ्या केलं. दगडाची शीर कुठून जाते, घाव कुठे घातला की दगड फुटतो, हे त्यांना न मोजता कळतं. तरी बहुतेक खाणींत त्यांना हातोड्यावर ठेवतात आणि ऑपरेटर बाहेरून आणतात. त्यांच्यातल्या तरुणांना पोकलेन, ड्रिल आणि ब्लास्टरच्या परवान्यापर्यंत शिकवा.

स्त्रिया खाणीत नवीन नाहीत, पण त्यांना डोक्यावरून पाटी वाहायचंच काम मिळते. वजनकाटा, क्रशरचं नियंत्रण पॅनेल, खडीची चाळणी-चाचणी, लोडर, डंपर ही कामं शिकवली तर त्या करतात. लोडर शिकवायला तीन महिने धरा आणि त्या काळात पूर्ण पगार द्या. रोजंदारी बुडवून शिकायला कुणीच येणार नाही. २०१९ च्या केंद्राच्या अधिसूचनेपासून उघड्या खाणीत संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेतही स्त्रियांना काम देता येतं. त्यासाठी त्यांची लेखी संमती, सुरक्षेची सोय आणि पाळीत किमान तिघींचा गट हवा. घरापर्यंत गाडीही द्या.

भरती करण्याआधी पुढच्या गोष्टी तयार असाव्यात. खड्ड्यापासून दोन मिनिटांच्या अंतरावर, आतून कडी लागणारं, पाण्याचं स्वच्छतागृह. पॅड टाकायची सोय. चार ते सहा नंबरचे बूट (मोठा बूट सैल बसला की पायरीवरून पाय घसरतो). लहान मुलांसाठी सावलीची खोली आणि सांभाळायला पगारी बाई. साडीचा पदर पट्ट्याच्या मागच्या पुलीत गेला तर सोडवायला वेळ मिळत नाही, म्हणून पुलीला जाळी आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना ओढून थांबवायची दोरी हवीच. गणवेश मात्र त्यांच्याशी बोलून ठरवा. न विचारता दिलेला शर्ट-पँट पेटीतच राहतो.

मजुरी प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यात जमा करा. जोडीने कामाला आलेल्या नवरा-बायकोचा पगार एकत्र, नवऱ्याच्या किंवा मुकादमाच्या हातात देण्याची पद्धत मोडायलाच हवी. उचल देऊन माणूस बांधून ठेवणं तर १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे. दहा किंवा जास्त कामगार असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमायची: अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, एक सदस्य बाहेरचा. समितीतल्या सदस्यांची नावं आणि फोन स्वच्छतागृहाच्या दारावर लावा, ऑफिसात लावलेला कागद मजूर बाई वाचत नाही.

पैसा

कंपनी कायद्यातलं २ टक्क्यांचं सामाजिक खर्चाचं बंधन मोठ्या नफ्याच्या कंपन्यांना लागू होतं, लहान खाणींना नाही. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी मात्र खाणबाधित गावांसाठीच असतो, ग्रामसभेचा ठराव घेऊन तो गावाने मागायला हवा. खाणीने स्वतः काही करायचं असेल तर कमान आणि सभामंडप नको. तुमच्यामुळे जे बिघडतं तेच दुरुस्त करा: रस्ता, पाणी, दवाखान्यातली श्वासाची तपासणी.

माळ आणि खड्डा

सोलापूरचा माळ पडीक नसतो. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं ते याच गवतामुळे. काळवीट, लांडगा, चंडोल हे सगळे गवतावर जगतात. म्हणून हद्दीवर धूळ अडवायला कडुनिंब, करंज, बोर, बाभूळ लावा, पण उरलेल्या माळावर गिरिपुष्प किंवा सुबाभळीची दाट लागवड करून "हिरवं केलं" म्हणू नका. त्या झाडीत माळढोकाला जागाच उरत नाही. खाणपट्टा (लीज) घेण्याआधीच अभयारण्य आणि त्याच्या संवेदनशील पट्ट्यापासूनचं अंतर वनविभागाकडून लेखी घ्या.

वरची माती पहिल्या दिवशीच वेगळी काढा. माळावर ती वीतभरच असते, १५ सेंटिमीटर धरली तर हेक्टरी १,५०० घनमीटर. ढीग दोन मीटरपेक्षा उंच नको, नाहीतर आतली माती श्वास घेत नाही आणि बी मरतं. वर मारवेल, पवन्याचं बी टाका, पावसात माती वाहून जाणार नाही.

पायऱ्या सहा मीटर उंच आणि किमान तेवढ्याच रुंद ठेवा, हद्दीलगत साडेसात मीटरची पट्टी न खोदता सोडा. दुसऱ्याच्या बांधापर्यंत उभा कडा नेलात तर पुढच्या पावसात त्याचा बांध तुमच्या खड्ड्यात येईल आणि पुढे तो कडा कापून उतार करायला जागाच राहणार नाही. खाण बंद करायच्या दोन वर्षं आधी एका बाजूने माणूस आणि जनावर चढून येईल असा उतार काढा, साधारण सहा मीटरला एक मीटर. एक हेक्टर खड्ड्यात पाच मीटर पाणी साठलं तर पाच कोटी लिटर होतं, पण उन्हाळ्यात त्यातला मोठा भाग वाफेनेच जातो. तेव्हा खड्डा उथळ पसरट करण्यापेक्षा एक कोपरा खोल ठेवा आणि वरच्या ओढ्याचं पाणी गाळ बसायच्या खड्ड्यातून आत घ्या. कड्यांच्या बाजूला छातीएवढी दगडी भिंत हवी. काटेरी तार दोन वर्षांत चोरीला जाते, आणि अशा खड्ड्यांत पोहायला उतरलेली मुलं बुडतात. उताराच्या तोंडाशी खोलीचा फलक लावा, पाण्यात मीटर-मीटरच्या खुणांचा खांब रोवा आणि बाजूला दोरी बांधलेली फुगवलेली ट्यूब टांगा. ती ट्यूब दर महिन्याला कोण तपासणार, त्याचं नाव ग्रामपंचायतीच्या ठरावात लिहून घ्या.